रेव्हिटमधली शीटं: कशी लावता, कशी शोधता, कशी लपवता?

मृदुला_आर (पुणे)

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि जरा घाईत हवाय.

आमचं ऑफिस बेताचंच. आत्ता जे काम हातात आहे त्यात चार टॉवर, खाली सामाईक पोडियम, दोन बेसमेंट आणि क्लब हाऊस. सगळं एकाच रेव्हिट मॉडेलमध्ये, आवृत्ती २०२४. (नव्यांसाठी: रेव्हिट म्हणजे इमारतीचं त्रिमिती मॉडेल करून त्यातूनच ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर.) शीटं, म्हणजे छापायचे ड्रॉइंगचे कागद, तीनशेच्या पुढे गेली आहेत आणि प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये, म्हणजे बाजूच्या यादीत, ती सरळ एकाखाली एक उभी. टॉवर सीचं टॉयलेट डिटेल काढायचं तर माऊसचं चाक फिरवत बसायचं. त्यात मनपाला दिलेला संच, टेंडरचा संच आणि साईटला जाणारा जीएफसी ('गुड फॉर कन्स्ट्रक्शन') हे तिन्ही एकमेकांत मिसळलेले. तोच टिपिकल फ्लोअर प्लॅन तीन शीटांवर आहे आणि तिन्हींची नावं जवळपास सारखी. सर म्हणतात, "फोल्डर करून टाक ना." फोल्डर म्हणजे नक्की काय करायचं, ते त्यांनाही सांगता येत नाही.

आणखी एक गंमत. आमच्यातल्या एकाने ब्राउझरला फिल्टर लावून ठेवला होता. मी बी-४१२ नंबरचं नवं शीट करायला गेले तर रेव्हिट म्हणतं, हा नंबर आधीच वापरात आहे. मला वाटलं फिल्टरने लपवलं असेल. फिल्टर काढला, 'ऑल'वर गेले, सगळी यादी वरून खाली वाचली. बी-४१२ कुठेही नाही! मग नंबर वापरतंय कोण?

तुम्ही लोक शीटं कशी लावता ते सविस्तर सांगा. ॲड-इन विकत घ्यायचं बजेट नाही, आधीच सांगून ठेवते.

टी-स्क्वेअर

मृदुला, आधी बी-४१२ चं भूत उतरवू, मग बाकीचं.

तुमच्याकडे कुणीतरी शीट लिस्ट (मॉडेलमधल्या शीटांचा तक्ता) उघडून तिच्यात नवी ओळ घातली असणार. अशी ओळ घातली की प्लेसहोल्डर शीट तयार होतं. त्याला नंबर असतो, नाव असतं, पण कागद नसतो. ते ब्राउझरमध्ये दिसत नाही, नंबर मात्र अडवून बसतं. सोय म्हणून ती चांगली आहे. स्ट्रक्चरल किंवा लँडस्केप सल्लागाराची ड्रॉइंग आपल्या मॉडेलमध्ये नसली तरी आपल्या यादीत दाखवायची असतात, त्यासाठी ती वापरतात. पण घालणारा सांगत नाही आणि दुसरा शोधत बसतो.

नवं शीट करताना जी खिडकी उघडते तिच्यात खालच्या बाजूला प्लेसहोल्डरांची यादी असते. तिथे बी-४१२ निवडलंत की त्याचंच खरं शीट होईल. नको असेल तर शीट लिस्टमधून ती ओळ काढून टाका. मात्र काढताना डोळे उघडे ठेवा. शीट लिस्टमधली ओळ म्हणजे नुसती नोंद नव्हे, खऱ्या शीटची ओळ उडवली तर शीटच मॉडेलमधून जातं.

आता फोल्डर. ब्राउझरमध्ये 'शीट्स'वर राईट क्लिक करून ब्राउझर ऑर्गनायझेशन उघडा. 'ऑल' हा रेव्हिटचा स्वतःचा प्रकार आहे, तो बदलता येत नाही आणि पुसताही येत नाही. आपण नवा प्रकार करायचा, त्याला नाव द्यायचं. आत दोन टॅब आहेत आणि अर्ध्या ऑफिसांचा घोळ या दोन टॅबमधला फरक न कळल्याने होतो. ग्रुपिंगमध्ये शीटांचे कप्पे पडतात, पण एकही शीट नजरेआड होत नाही. फिल्टरिंगमध्ये अटीत न बसणारी शीटं दिसायचीच बंद होतात. ती असतात, छापली जाऊ शकतात, नंबर अडवतात, फक्त तुम्हाला दिसत नाहीत.

म्हणून माझा शिरस्ता असा की रोजच्या वापराच्या मांडणीत फिल्टर अजिबात नाही. फक्त कप्पे. कप्प्यांच्या सहा पातळ्या करता येतात, तीनच्या पुढे मी कधी गेलेलो नाही. सहा पातळ्या उघडत बसण्यापेक्षा चाक फिरवणं परवडलं.

कप्पे कशावरून पाडायचे हा खरा प्रश्न. मॅनेज टॅबमध्ये प्रोजेक्ट पॅरामीटर, म्हणजे माहिती भरायचा आपला स्वतःचा रकाना, करा. इन्स्टन्स, टेक्स्ट, कॅटेगरीत फक्त शीट्सवर खूण. असे दोन करा: एक 'संच', एक 'इमारत'. संचात '१० मंजुरी', '२० टेंडर', '३० जीएफसी', '९० कच्चं काम' अशा किमती. पुढचा आकडा मुद्दाम आहे, कारण कप्पे अक्षरानुक्रमे लागतात आणि आकडा नसेल तर क्रम तुमच्या हातात राहत नाही. दहा-दहाचं अंतर ठेवायचं, मध्ये काहीतरी घुसतंच. पहिली पातळी संच, दुसरी इमारत, आत शीट नंबरप्रमाणे चढता क्रम.

एक सूचना. हा पॅरामीटर टायटल ब्लॉकवरही, म्हणजे शीटवरच्या नाव-नंबराच्या चौकटीतही, छापायचा असेल तर साधा प्रोजेक्ट पॅरामीटर चालणार नाही, शेअर्ड पॅरामीटर, म्हणजे अनेक फाईलींत एकच ओळख असलेला, लागेल. आत्ता नको वाटलं तरी शेअर्डच करा. साध्याचं नंतर शेअर्ड करता येत नाही, नवा करून सगळ्या किमती पुन्हा भराव्या लागतात.

पिंपळपान

वरचं सगळं केल्यावर ब्राउझरमध्ये तीन प्रश्नचिन्हं असलेला एक कप्पा दिसेल. घाबरू नका. ज्या शीटांना किंमत भरलेली नाही ती सगळी त्या '???' मध्ये जाऊन बसतात. आमच्याकडे त्या कप्प्याला 'अनाथालय' म्हणतात. सोमवारी सकाळी पहिलं काम म्हणजे ते रिकामं करणं.

मृदुला_आर

टी-स्क्वेअर, तुमचे पाय कुठे आहेत! प्लेसहोल्डरच निघालं. बी-४१२ च नव्हे, अशा ओळींची रांगच सापडली. ट्रेनीने टेंडरची यादी 'आधी तयार करून ठेवली' होती म्हणे.

कप्पे पाडून बघितले. पण तीनशे शीटांना एकेक करून किंमत भरायची का? आणि भरताना एकाने 'जीएफसी' लिहिलं, दुसऱ्याने 'जी.एफ.सी.' तर दोन वेगळे कप्पे झाले.

टी-स्क्वेअर

एकेक करून कशाला? ब्राउझरमध्ये शिफ्ट किंवा कंट्रोल धरून हवी तेवढी शीटं निवडा आणि प्रॉपर्टीजमध्ये एकदाच किंमत भरा, सगळ्यांना लागते.

त्याहून बरं म्हणजे शीट लिस्ट करा, तिच्यात नंबर, नाव, संच, इमारत एवढेच रकाने. रकान्यात क्लिक केलं की आधी वापरलेल्या किमती खाली उलगडतात, त्यातली निवडायची. टाईप करायचंच नाही म्हटल्यावर टिंबांचा प्रश्न मिटला. जे बिघडलंय ते निस्तरायचं तर यादी 'संच'वर सॉर्ट करा आणि प्रत्येक घटक वेगळा दाखवण्याची खूण काढा. 'जी.एफ.सी.'वाली सगळी शीटं एका ओळीत गोळा होतील. त्या ओळीत किंमत बदललीत की आतली सगळी बदलतात.

हिंगणा_रोड

नागपूरहून. आमचं सगळं काम अमेरिकेतल्या आर्किटेक्टांचं, त्यामुळे माझं मत वेगळं आहे.

नंबरच नीट द्या, पॅरामीटरची गरज पडत नाही. तिकडे यूएस नॅशनल कॅड स्टँडर्ड आहे. पहिलं अक्षर शाखेचं: ए आर्किटेक्चरल, एस स्ट्रक्चरल, एम मेकॅनिकल, पी प्लंबिंग, ई इलेक्ट्रिकल. पुढचा आकडा ड्रॉइंगच्या प्रकाराचा: ० सर्वसाधारण, १ प्लॅन, २ एलिव्हेशन, ३ सेक्शन, ४ मोठ्या प्रमाणातले भाग, ५ डिटेल, ६ शेड्यूल आणि डायग्रॅम, ९ त्रिमिती. ७ आणि ८ ऑफिसच्या मर्जीवर. शेवटचे दोन अंक अनुक्रम. ए-३०१ म्हटलं की टेक्सासमधला सुपरवायझर आणि नागपुरातला मुलगा, दोघांनाही कळतं की हा सेक्शन आहे.

ब्राउझरमध्ये ग्रुपिंगला शीट नंबर द्या आणि 'लीडिंग कॅरेक्टर्स' १ ठेवा, शाखेप्रमाणे कप्पे झाले. दुसऱ्या पातळीला तोच शीट नंबर, लीडिंग कॅरेक्टर्स ३, म्हणजे 'ए-१', 'ए-२' असे कप्पे. कुणी काही भरायचं राहिलं, चुकीचं भरलं, असला प्रकारच नाही. नंबर दिल्याशिवाय शीट होतच नाही, त्यामुळे अनाथालयही नाही.

अनुया_ल (लीड्स)

हिंगणा_रोड, तुमची पद्धत एका इमारतीला झकास. मृदुलाच्या चार टॉवरना ए-१०१ चार वेळा लागेल, आणि रेव्हिट एकच नंबर दोनदा देऊ देत नाही. मग नंबराला टॉवरचं अक्षर जोडायचं, मग टप्प्याचं. असं करत नंबर आगगाडीएवढा होतो.

इकडे इंग्लंडात आयएसओ १९६५० या बांधकामाच्या माहितीसाठीच्या मानकाप्रमाणे नावं देतात आणि तिथे आगगाडीच आहे: प्रकल्प, संस्था, भाग, मजला, प्रकार, भूमिका, क्रमांक, मध्ये आडव्या रेघा. पण त्या आगगाडीत एक गोष्ट मुद्दाम घातलेली नाही. ड्रॉइंग कोणत्या टप्प्यावर आहे आणि कितवी सुधारणा आहे हे नावात येत नाही. ते वेगळं लिहितात. एस१ म्हणजे समन्वयासाठी, एस२ माहितीसाठी, एस३ तपासणी आणि शेऱ्यांसाठी. सुधारणा पी०१, पी०२ अशी चालते, आणि करारातलं ड्रॉइंग झालं की सी०१. कारण उघड आहे. शीटचा टप्पा बदलतो, नंबर बदलता कामा नये. आज टेंडरला गेलेलं शीट उद्या जीएफसी होणार. नंबरात 'टी' घातलेला असेल तर उद्या नंबर बदलावा लागेल, आणि ज्या ज्या कागदावर, मिनिट्समध्ये, मेलमध्ये तो नंबर लिहिलाय ते सगळं खोटं पडेल. सेक्शनच्या खुणा रेव्हिट आपोआप बदलेल, पण ठेकेदाराच्या मेलमधला नंबर कोण बदलणार?

तेव्हा इमारत नंबरात असू द्या, ती कुठे जात नाही. संच मात्र पॅरामीटरमध्येच.

२०२५ पासून रेव्हिटमध्ये शीट कलेक्शन नावाची सोय आली आहे. वेगवेगळ्या कलेक्शनमध्ये तोच शीट नंबर पुन्हा वापरता येतो. चार टॉवर म्हणजे चार कलेक्शन आणि प्रत्येकात ए-१०१, असं जमू शकतं.

मृदुला_आर

२०२५ वर जायचं तर आमच्या आरसीसी कन्सल्टंटनाही जावं लागेल, ते २०२३ वर आहेत. आत्ताच आमच्या फाईली त्यांच्याकडे उघडत नाहीत म्हणून आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी फाईल) काढून देतो.

हिंगणा_रोड

आणि एकदा वर नेलेली फाईल खाली आणता येत नाही, हेही लक्षात ठेवा. चालू प्रकल्पाच्या मध्यात आवृत्ती बदलायची नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. कलेक्शन नव्या कामाला बघा.

अनुया, नंबर न बदलण्याचा मुद्दा मान्य. पण अमेरिकेतही टप्पा नंबरात नसतोच, तो टायटल ब्लॉकवरच्या इश्यूच्या, म्हणजे ड्रॉइंग बाहेर पाठवल्याच्या, नोंदीत असतो. माझं म्हणणं एवढंच की प्रकार आणि शाखा नंबरातून कळायला हवी. एक, दोन, तीन करत तीनशेपर्यंत नेलेल्या नंबरांना काय अर्थ?

गोदाकाठ (नाशिक)

साईट इंजिनिअर आहे, रेव्हिट चालवत नाही. मोबाईलवर आलेली पीडीएफ बघतो. तरी तोंड घालतो.

तुमच्या ब्राउझरमध्ये किती कप्पे आहेत ते आम्हाला दिसत नाही. आम्हाला दिसतं फाईलचं नाव. ते 'शीट - टिपिकल फ्लोअर प्लॅन' असं एवढंच आलं तर वीस पीडीएफ उघडून टायटल ब्लॉक वाचत बसायचं, तेही उन्हात, स्लॅबवर उभं राहून. सुतार विचारतो, "साहेब, बीमची खोली साडेचारशे की सहाशे?" आणि माझ्या फोनवर त्याच प्लॅनच्या दोन फाईली, एकीत साडेचारशे, दुसरीत सहाशे. कोणती नवी? तारीख बघायची तर व्हॉट्सॲप फॉरवर्ड केल्याची तारीख दाखवतं.

नंबर, इमारत, सुधारणा आणि नाव. याच क्रमाने फाईलच्या नावात द्या. बाकी तुमचं तुम्ही बघा.

टी-स्क्वेअर

गोदाकाठ, शंभर टक्के. आणि हे फुकटात होतं. २०२२ पासून रेव्हिटमध्ये स्वतःचं पीडीएफ एक्स्पोर्ट आहे. तिथे फाईलच्या नावाचा नियम ठरवता येतो: शीट नंबर, मग सध्याची सुधारणा, मग शीटचं नाव, मध्ये कोणतं चिन्ह तेही. एकदा नियम बांधून तो सेटअप सेव्ह केला की माणसाच्या हाताने नाव द्यायचंच नाही. हाताने नावं द्यायला लागलात की 'फायनल नवीन २' सुरू झालंच म्हणून समजा.

नंबरात पुढे शून्य ठेवा. शीट नंबर हा रेव्हिटच्या लेखी मजकूर आहे, आकडा नव्हे. बी-०२, बी-०३, बी-१० असं लिहिलंत की ब्राउझर असो, यादी असो की संगणकावरचं फोल्डर, क्रम कुठेच फिसकटत नाही.

जुना_ड्राफ्ट्समन

वाचतोय, मजा येतेय. माझी अर्धी कारकीर्द ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटमध्ये गेली. त्या वेळी ऑफिसात एक जाडजूड रजिस्टर असायचं. नंबर त्यातूनच घ्यायचा, घेताना सही करायची आणि कुणाला किती प्रती दिल्या ते समोर लिहायचं. नंबर रद्द झाला तर लाल शाईने काट मारायची, पण तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही. मृदुला, तुझ्या ट्रेनीने केलं ते रजिस्टरमध्ये नंबर राखून ठेवण्यासारखंच आहे, फक्त समोर सही केली नाही बिचाऱ्याने.

मग ऑटोकॅड आलं, आणि २००५ च्या आवृत्तीत शीट सेट मॅनेजर आला. किती लोकांनी तो वापरला देव जाणे. त्यात सबसेट करता यायचे, यादी आपोआप व्हायची, नंबर बदलला की सेक्शनच्या खुणेतला संदर्भ बदलायचा. आमच्याकडच्या मुलांनी तरीही प्रत्येक मजल्याची वेगळी फाईल आणि वेगळं फोल्डर हाच धर्म पाळला. सोय नव्हती असं नाही. रजिस्टर सांभाळणारा माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणी नेमलाच नाही, हे खरं कारण.

मृदुला, तुझ्या ऑफिसात यादी कोण सांभाळतं? आधी त्याचं नाव ठरव, पॅरामीटर मग.

शहाबादी_फरशी

आर्किकॅडवाल्यांनी (रेव्हिटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) इथे बोलायला परवानगी आहे का? आमच्याकडे लेआऊट बुक असतं. त्यात सबसेट करायचे आणि लेआऊट, म्हणजे तुमचं शीट, ओढून हव्या त्या सबसेटमध्ये टाकायचं, नंबर आपोआप लागतो. पॅरामीटर करा, शेअर्ड करा, अनाथालय रिकामं करा, असलं काही नाही.

हिंगणा_रोड

आणि मधलं एक लेआऊट ओढून वर नेलं की खालचे सगळे नंबर आपोआप बदलतात, हेही सांगा ना! साईटवर छापील प्रती गेल्यावर फारच मजा.

शहाबादी_फरशी

ते बंद करता येतं हो. लेआऊटला स्वतःचा नंबर देता येतो. पण चालू द्या तुमचं.

कसबा_पेठ

मला फिल्टरची बाजू घ्यायची आहे. टी-स्क्वेअर म्हणतात रोजच्या मांडणीत फिल्टर नको. पण मी फक्त इंटिरिअरची शीटं करतो. मला तीनशे शीटांशी काय देणंघेणं? माझी चाळीस दिसली की बास.

टी-स्क्वेअर

कप्पा मिटवून ठेवा की! इंटिरिअरचा कप्पा उघडा, बाकी बंद. नव्या आवृत्त्यांत ब्राउझरच्या वर शोधायची चौकटही आहे, दोन अक्षरं टाकली की काम होतं.

फिल्टरला माझा विरोध तत्त्वाचा नाही, अनुभवाचा आहे. समजा तुम्ही फिल्टर लावला, संच बरोबर '३० जीएफसी'. आता तुम्ही नवं शीट केलंत. त्याला अजून संचाची किंमत नाही, म्हणजे ते अटीत बसत नाही, म्हणजे केल्या क्षणी यादीतून गायब. तुम्हाला वाटतं झालंच नाही, तुम्ही दुसरं करता. संध्याकाळपर्यंत मॉडेलमध्ये तीन रिकामी शीटं, नंबर ४१३, ४१४, ४१५. अशी मॉडेलं मी साफ केली आहेत.

शिवाय फिल्टरच्या तीन अटी एकदम लागू होतात. 'टेंडर किंवा जीएफसी' असं मागता येत नाही. लोक मग 'मंजुरी नाही आणि कच्चं नाही' अशी उलटी अट लावतात. तीन महिन्यांनी संचात नवी किंमत वाढते आणि ती न सांगता त्या यादीत शिरते.

फिल्टरची खरी जागा दोन ठिकाणी आहे. एक, तपासणी. रेव्हिटमध्ये व्ह्यूजसाठी (मॉडेलमधून काढलेले प्लॅन, सेक्शन वगैरे) 'नॉट ऑन शीट्स' नावाची मांडणी आधीपासून येते, कोणत्याही शीटवर न लावलेले व्ह्यू दाखवणारी. ती अधूनमधून लावून फालतू व्ह्यू उडवायचे आणि परत आपल्या मांडणीवर यायचं. दोन, शीट लिस्ट. तिथला फिल्टर म्हणजे छापायच्या यादीचा फिल्टर. टेंडरच्या मुखपृष्ठावर फक्त टेंडरची शीटं यायला हवीत, तिथे तो हवाच. ब्राउझरचा फिल्टर आणि शीट लिस्टचा फिल्टर यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही.

मृदुला_आर

हे फारच उपयोगी पडलं. एक अडचण राहतेच आहे. तेच शीट टेंडरलाही गेलं आणि जीएफसीलाही. संचात किंमत एकच भरता येते. मग?

अनुया_ल (लीड्स)

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पॅरामीटरमध्ये कोंबताय. 'संच' म्हणजे शीट आत्ता कुठे आहे. 'कधी कुणाला गेलं' हा इतिहास, तो वेगळा ठेवायचा.

आम्ही प्रत्येक इश्यूला एक टेक्स्ट पॅरामीटर करतो. नावात तारीख आणि टप्पा. जे शीट त्या खेपेला गेलं त्याच्या समोर एक भरीव ठिपका. हे सगळे रकाने एका शीट लिस्टमध्ये शेजारी शेजारी लावले की उभ्या ओळीत शीटं, आडव्या ओळीत खेपा, असा तक्ता होतो आणि तो थेट मुखपृष्ठावर जातो. होय-नाहीचा पॅरामीटरही चालतो, पण मग ठिपक्याऐवजी 'येस' छापून येतं. ठिपका बघायला बरा.

हेच तुमच्या ड्राफ्ट्समन काकांचं रजिस्टर. कुणाला काय गेलं ते एका नजरेत.

जुना_ड्राफ्ट्समन

बघा. आणि म्हणे तंत्रज्ञान बदललं.

पिंपळपान

अनुयाच्या तक्त्यात एक खड्डा आहे, सांगून ठेवते. प्रत्येक शीटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अपिअर्स इन शीट लिस्ट' अशी खूण असते. ती कुणी काढली की ते शीट कोणत्याच शीट लिस्टमध्ये येत नाही, फिल्टर असो वा नसो. ब्राउझरमध्ये मात्र ते असतं. म्हणजे प्लेसहोल्डरच्या अगदी उलट. कच्च्या शीटांसाठी ही खूण काढून ठेवतात आणि शीट पक्कं झाल्यावर परत लावायची राहून जाते. इश्यूच्या आदल्या दिवशी ब्राउझरमधला जीएफसीचा कप्पा आणि छापील यादी समोरासमोर ठेवून मोजायचं. दोन्हीकडचा आकडा जुळला नाही तर प्रिंट नाही.

कसबा_पेठ

मंजुरीच्या संचाबद्दल कुणीच बोललं नाही. मनपाच्या ऑनलाईन छाननीला ठरलेल्या लेयरवरची कॅड फाईल लागते, रेव्हिटचं शीट नाही. आमच्याकडे रेव्हिटमधून डीडब्ल्यूजी काढून पुढचं सगळं ऑटोकॅडमध्ये होतं. मग '१० मंजुरी' हा कप्पा रेव्हिटमध्ये ठेवायचाच कशाला?

टी-स्क्वेअर

ठेवायचा, पण त्यावर विसंबायचं नाही. रेव्हिटमधलं शीट जिवंत असतं. तुम्ही पुढच्या वर्षी टॉवर बीचा जिना सरकवलात की मंजुरीच्या शीटवरचाही सरकतो. मंजूर नकाशा मात्र शिक्का बसला त्या दिवशी गोठला. महारेराच्या संकेतस्थळावर चढवलेला तोच, ग्राहकाने बघितलेला तोच, ओसीच्या (भोगवटा प्रमाणपत्राच्या) वेळी जागेशी ताडून बघणार तेही त्याच्याशीच. त्यामुळे मंजुरी मिळाली की त्या दिवशीच्या पीडीएफ, कॅड फाईल आणि मॉडेलची सेंट्रलपासून (सगळे मिळून काम करतात त्या मुख्य फाईलपासून) तोडलेली प्रत, तिन्ही वेगळ्या जागी ठेवून द्यायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही. चालू मॉडेलमधल्या मंजुरीच्या शीटांवर मी मोठ्या अक्षरात 'संदर्भासाठी' लिहून ठेवतो. सुधारित मंजुरीला जायचं तेव्हा तीच शीटं कामाला येतात.

तोच प्लॅन तीन शीटांवर कसा, हेही इथेच निघतं. रेव्हिटमध्ये एक व्ह्यू एकाच शीटवर बसतो. लीजेंड (खुणांची सूची) आणि शेड्यूल (तक्ते) सोडून. म्हणून लोक व्ह्यू डुप्लिकेट करतात, आणि डिटेलिंगसकट डुप्लिकेट केला की मापं आणि टिपणं दोन्हीकडे वेगवेगळी जगायला लागतात. मंजुरीच्या प्लॅनला क्षेत्रफळाची आकडेमोड हवी, जीएफसीला भिंतींची मापं. ते वेगळे असणं योग्यच आहे. पण टेंडर आणि जीएफसी यांचे वेगळे व्ह्यू ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तेच शीट पुढे न्यायचं, सुधारणा वाढवायची, टेंडरची पीडीएफ जपून ठेवायची. मृदुला, तुमची तीनशे शीटं यानेच बरीच कमी होतील.

हिंगणा_रोड

यावर माझा आक्षेप आहे. टेंडर आणि जीएफसीच्या मध्ये ठेकेदाराने किंमत वाढवून मागितली तर टेंडरला काय दिलं होतं ते मॉडेलमध्ये बघावं लागतं. नुसत्या पीडीएफवर क्वांटिटी निघत नाही.

टी-स्क्वेअर

त्यासाठीही तोडलेली प्रत आहे. चालू मॉडेलमध्ये टेंडरचा व्ह्यू राखून काही उपयोग नाही, कारण त्यामागची भिंत तर सरकलेली असते.

मृदुला_आर

काल सरांसोबत बसून ठरवलं. नंबरात इमारतीचं अक्षर आणि हिंगणा_रोड म्हणतात तसा प्रकाराचा आकडा: बी-३०२ म्हणजे टॉवर बीचा सेक्शन. पोडियम 'पी' होणार होता, पण तो प्लंबिंगशी गोंधळेल म्हणून 'एक्स'. संच शेअर्ड पॅरामीटरमध्ये, चार किमती, टाईप करायची मनाई. टेंडर आणि जीएफसीची शीटं एक करतोय. यादी सांभाळायला नाव ठरलं, अर्थातच माझं. हिंगणा_रोड आणि टी-स्क्वेअर, तुमचा वाद मी सरांपुढे ठेवला, ते म्हणाले दोन्ही करा. म्हणजे तोडलेली प्रत माझ्याकडेच आली.

शेवटचा प्रश्न. क्लब हाऊस आता वेगळ्या फाईलमध्ये काढून लिंक करायचं चाललंय. हीच सगळी मांडणी तिकडे पुन्हा हाताने करू का? आणि यादी एकत्र येईल ना?

टी-स्क्वेअर

हाताने नको. दोन्ही फाईली एकदम उघडा, नव्या फाईलमध्ये जाऊन मॅनेज टॅबमधलं ट्रान्स्फर प्रोजेक्ट स्टँडर्ड्स घ्या. यादीत सगळ्यावर खूण असते, ती आधी काढा, नाहीतर नको ते भिंतींचे प्रकारही तिकडे जातील. फक्त प्रोजेक्ट पॅरामीटर आणि ब्राउझर ऑर्गनायझेशन निवडा. पॅरामीटर गेला नाही तर मांडणी जाऊन उपयोग नाही, म्हणून दोन्ही बरोबर.

यादी एकत्र येईल. मुख्य फाईलच्या शीट लिस्टमध्ये लिंकमधले घटक घेण्याची खूण लावा. मात्र लिंकमधली शीटं फक्त यादीत दिसतील, ब्राउझरमध्ये नाही, आणि छापायला त्यांचीच फाईल उघडावी लागेल. तुमचा 'संच' शेअर्ड आहे म्हणून त्या रकान्यात लिंकच्याही किमती येतील. साधा असता तर तो रकाना क्लब हाऊसपुरता कोरा राहिला असता.

पिंपळपान

आणि क्लब हाऊसच्या फाईलमध्ये पहिल्या दिवशी '???' उघडून बघ. मुख्य फाईलमधून कॉपी केलेली शीटं किंमत घेऊन येतात, पण तिकडे नव्याने केलेली कोरीच असतात.